तो ळ माझा नव्हता

हळदीच्या पुडीवरचा तो ळ मी काढलेला नव्हता.

इतकी वर्षं लोक त्याला 'पेंटरचा ळ' म्हणत आले. मी गप्प बसलो.

काल सुनंदा कांबळे गेली. आता तरी बोलायला हवं. चुकलं तर सांभाळून घ्या, शाळा चौथीपर्यंतच झाली माझी.

नव्वदीच्या काळात माधवनगरच्या एका प्रेसमध्ये मी ब्रशने अक्षरं काढायचो. हळदीच्या पुड्या, बेदाण्याची खोकी, दुकानांच्या पाट्या.

मग कॉम्प्युटर आला. त्याच्यामागोमाग ऑपरेटर म्हणून सुनंदा आली. रोज कुंडलहून एसटीने यायची. माझ्या थोरल्या मुलीएवढी.

मालक म्हणाले, "पेंटर, शनिवारपर्यंत 'हळद' मशीनवर काढून दाखवा. जमलं तर रहा, न्हाईतर दुसरं काम बघा."

मला धडकीच भरली.

ह आला. द आला. ळ काही येईना.

ब्रश कसा, मनगट फिरवलं की वळतो. म्हणून मी माऊस फिरवायचो, टेबलावर गोल गोल. रेघ बांबूसारखी ताठ.

सुनंदा हसून बेजार. "आवं काका, माऊस फिरवून रेघ वाकत न्हाई! रेघेवरच्या त्या ठिपक्याला दोन बाजूंनी मिशा फुटल्यात बघा. मिशीला धरून वढा."

काळजी लागली की मिशीला पीळ द्यायची माझी सवय. हात तिकडेच गेला.

"सवताची नव्हं वो काका! स्क्रीनवरची!"

मिशी ओढली की रेघ वाकायची. जास्त ओढली की अक्षराला पोक यायचं. ते झाकायला मी आणखी ठिपके टाकायचो. ळ पार भज्यासारखा झाला.

"ठिपकं कमी करा काका. भरवसा ठेवा, रेघ आपसूक वळती."

भरवसा ठेवणं मला कधी जमलंच नाही. आजही दाराची कडी तीनदा बघतो.

शनिवारी दुपारी जेवायला बाहेर गेलो, डबा तसाच घेऊन परत आलो.

स्क्रीनवर सुरेख ळ. गुबगुबीत, मऊ.

सुनंदा मान खाली घालून शेंगा सोलत होती.

मालक आले. "कुणी काढला?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच ती म्हणाली, "काकांनी. मी तर जेवत व्हते."

मालकांनी पाठ थोपटली.

मी मान हलवली. 'हो' अशी.

पुढे मिशा ओढायला शिकलो. तिनेच शिकवलं. त्याच नोकरीवर मुलींची लग्नं केली.

ती साताऱ्याला राहायला गेली. दिवाळीला फोन यायचा. "काका, ळ कसा हाय?"

"बरा हाय," म्हणायचो. फोन ठेवला की ठरवायचो, मालकांना आज सांगू, उद्या सांगू. मालकही गेले. राहिलंच.

आज सकाळी तिच्या मुलीचा मेसेज आला. "आजोबा, आईच्या फोटोखालचं नाव तुम्हीच करून द्या. ती म्हणायची, ळ काढावा तर काकांनीच."

पोटच्या पोरीलाही तिने सांगितलं नव्हतं.

नातवाच्या कॉम्प्युटरवर बसलो. कांबळेमधला ळ. ठिपके वाढतायत.

थांबलो. एकेक ठिपका पुसत गेलो. मोजकेच ठेवले.

रेघ वळली, पोरी.

हा मात्र मीच काढलाय. तुझ्या फोटोखाली आहे, बघून घे.

पेंटरकाकाचा नमस्कार.