वाळवीचं झाड आणि भुंगेऱ्याचं झाड

आमच्या वस्तीत मधाच्या झाडावर चढायचा तो करुंबन. वाळचालच्या जंगलात त्याच्याइतकं उंच कोणी जात नसे. खाली दोर धरायला बायकोचा भाऊच लागतो, दुसऱ्या कोणावर जीव टाकायचा नसतो. त्याचा मेव्हणा सेंदन दोर धरायचा.

त्या वर्षी नदीकाठच्या दोन झाडांवर पोळी लागली होती. एकाच्या बेचक्यात वाळवीचं काळं घर, मोठ्या घागरीएवढं. दुसरं झाड सरळ, स्वच्छ. करुंबन वाळवीच्या झाडाला चढायच्या खुंट्या ठोकायला निघाला.

"दाजी, बहिणीला विधवा करू का मी?" सेंदन म्हणाला. "ह्या झाडाला मी दोर धरणार नाही."

"वाळवी वाळलेली फांदीच खाते. कुठं खाल्लंय ते दिसतं. त्या दुसऱ्या झाडाच्या बुडाशी बघ."

बुडाशी लाकडाचा ओला भुसा पडला होता. करुंबनने खोडाला कान लावला. आत काहीतरी करवतत होतं, सावकाश, न थांबता. लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या त्या. बोटाएवढी जाड एकेक, आणि ओलं लाकूडच खाते.

"किड्याला भ्यायला लागलास की काय म्हातारपणी?" सेंदन हसला. "दे खुंट्या. मी चढतो, तू धर दोर."

बराच वाद झाला. शेवटी करुंबनने दोर धरला.

सेंदन त्या सरळ झाडावर चढत गेला. खुंट्या दोन घावांतच आत जात होत्या.

"बघ, लोण्यासारखं झाड आहे," तो वरून म्हणाला.

"खाली ये."

"दोनच राहिल्यात."

"सेंदन, खाली ये म्हणतो ना."

तो उतरू लागला, तेवढ्यात त्याच्या डोक्यावरचं खोड मोडलं. वारा नव्हता. शेंडा पलीकडे गेला, त्या हिसक्यानं सेंदन खाली आला आणि एक फांदी त्याच्या मांडीवर पडली. माश्या ढगासारख्या उठल्या. करुंबनने फांदी उचलून त्याला ओढत नदीत नेलं. दोघं नाकापर्यंत पाण्यात बसून राहिले.

मोडलेलं खोड आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं. आत बोगदेच बोगदे होते. बरेचसे रिकामे, भुंगेरे कधीच उडून गेले होते. कुठल्या झाडांवर, ते कोणी सांगू शकलं नाही.

सेंदनचा पाय वाकडाच जुळला. आता दोर मैलम्मा धरते, करुंबनची बायको. रीत मोडली म्हणून म्हाताऱ्या कुजबुजतात. दोघं जंगलात गेली की सेंदन दारात बसून राहतो आणि ती दोघं परतेपर्यंत जेवत नाही.