शनिवारपर्यंतच्या सह्या

रूळ डाव्या कानावर बसला. हजेरीपुस्तकात रेघा ओढायचा लाकडी, गोल रूळ. प्रार्थना नुकतीच संपली होती, पोरं ओळीत उभी होती. दुसरा फटका मानेवर. सदरा रक्तानं भिजला. मारणारा माझ्याच शाळेतला मास्तर. सरपंचाचा भाचा.

"तुमच्या जातीच्या हातात पेन काय देला सरकारनं, डोक्यावरच बसून राहिले!"

बडे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, चार पावलांवर उभे होते. त्यांनी पोरांना वर्गात जायला सांगितलं. एवढंच.

मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या एका गावची ही शाळा. मी लोधीखेड्याहून सायकलनं यायचो. पाच मिनिटं उशीर झाला की माझ्या नावापुढं लाल शाई. भाचा सोमवारी यायचा, शनिवारपर्यंतच्या सह्या ठोकायचा आणि आपल्या संत्र्याच्या बगिच्यात निघून जायचा. त्याचा वर्ग मी सांभाळायचो. मोसमात बडे गुरुजींच्या घरी संत्र्याचं पोतं जायचं. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणतात. आमचा दळणारा आंधळा नव्हता, डोळे मिटून घ्यायचा.

एका बुधवारी निरीक्षक साहेब न सांगता आले. फाटकात जीप दिसली आणि बडे गुरुजींनी घाईनं हजेरीपुस्तक उघडलं. भाचा आज बाहेर गेला म्हणून सांगता आलं असतं. पण पुस्तकात त्याची उद्या-परवाचीही हजेरी लागलेली! खोडावं तर खाडाखोड दिसणार.

"सगळे जण शनिवारपर्यंत सह्या मारा," ते म्हणाले. "शाळेची पद्धतच हाये म्हणून सांगतो मी."

कसली ही अक्कल! बाकी दोघा मास्तरांनी मारल्या. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती, शेरा बडे गुरुजींच्या हातात होता. तरी मी पेन खिशात ठेवला.

साहेबांनी माझ्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "पद्धत है, तो इनका खाली क्यों है?"

भाच्याला नोटीस निघाली. दुसऱ्या दिवशी मला रूळ.

मारानंतर बडे गुरुजींनी खोलीत बोलावलं. कागद त्यांनीच लिहून ठेवला होता. शिवीगाळ मी केली, मी माफी मागतो.

"करा सही, गुरुजी. काहून वाढवून राहिले? नोकरी पक्की कराची हाये ना?"

माझा हात पुढं गेला. खोटं कशाला सांगू, गेला. माझा बाप बोरगावच्या बगिच्यात मालकाच्या लाथा खायचा आणि वर 'चुकलं मालक' म्हणायचा. तेच शब्द माझ्या जिभेवर आले. मला स्वतःची शिसारी आली. रूळ टेबलावर परत येऊन पडला होता, माझ्या रक्तासकट. तो उचलला. म्हाताऱ्याचं टाळकं फोडावं, एवढंच डोक्यात होतं. बडे गुरुजी खुर्चीसकट मागे सरकले.

पण याच्यापायी जेलात मी का जाऊ? आत जायचं तर भाच्यानं जावं.

रूळ काखेत मारला. तोच कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं, कोणी मारलं, कुठं, कशानं. खाली साक्षीदार. पहिलं नाव बडे गुरुजींचं.

"माह्यं नाव काहून?"

"तुम्ही पाह्यलं."

"मी नाही पाह्यलं."

"मंग ठाण्यात तसं सांगा. दीडशे पोरायसमोर सांगा."

कान वाहत होता. तसाच सायकलवर बसलो. सौंसरचं ठाणं सात मैल. वाटेत कोणीतरी ओरडलं, गुरुजी, रक्त पुसा. पुसलं नाही. ठाणेदार लिहून घेईपर्यंत पुसणार नव्हतो.