ट्रकवरून येणाऱ्या घराचं माप

शिलाई कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच, बोलायलाही तशीच. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांचे गणवेश शिवले, आणि त्यातली एकोणीस सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत काढली. एके दिवशी मालकाने इमारत विकली आणि तीन महिन्यांत खोली खाली करायचा निरोप धाडला, तोही दुकानदाराकरवी. टाचणीचं डोकं फिरलं. आता भाड्याच्या खोलीसाठी कुणाच्या दारात जायचं नाही!

मोठ्या भावाच्या घरामागे रिकामी जागा होती. तिथे तयार होऊन ट्रकवरून येणारं घर ठेवायचं ठरलं. साठवलेले साडेसात लाख होते, आणि दोन खोल्यांच्या घराचा फलकावरचा भाव सात लाख.

"म्हणजे पन्नास हजार उरले," दादा खुशीत म्हणाला. "गाद्या घे."

"कापड विकत घेतलं की सदरा अंगात येतो का रे दादा? शिलाई, अस्तर, गुंड्या काय तुझा सासरा देणार?"

"माझ्या बापाला मध्ये आणू नका," वहिनी आतून ओरडली.

घरं विकणाऱ्याच्या आवारात एक टायवाला हसत पुढे आला. नळ फिरवून दाखवले, खिडक्या सरकवून दाखवल्या. टाचणीने एकच विचारलं, "हा भाव नुसत्या घराचा, की माझ्या जागेत उभ्या राहिलेल्या, नळाला पाणी आणि दिव्याला वीज असलेल्या घराचा?"

"ताई, ते किरकोळ खर्च असतात."

"किरकोळ असतील तर तुम्हीच भरा."

टायवाल्याला खोकला आला. तिने वही पुढे सरकवली. "लिहा. तुमच्या अक्षरात."

ट्रकचं भाडं. क्रेन. जमीन सपाट करून खाली काँक्रीटचे ठोकळे. पाण्याची जोडणी, सांडपाण्याची टाकी, विजेचा मीटर. परवानगीचं शुल्क, नकाशा काढणाऱ्याची फी, विमा. आणि दाराच्या पायऱ्या. पायऱ्यासुद्धा वेगळ्या! प्रत्येक आकड्यापुढे तो 'अंदाजे' लिही आणि ती खोडायला लावी. बेरीज एक लाख साठ हजार झाली. फलकावर भाव हातभर अक्षरांत रंगवणारे हेच लोक. खर्च सांगताना मात्र यांची दातखीळ बसते. साधा माणूस तिथेच मारला जातो. घर दारात येतं आणि वर्षभर अंधारात बसतं.

दोन खोल्यांचं घर हातचं गेलं. दुसऱ्या खोलीत शिवणयंत्र ठेवायचं तिने मनात ठरवून टाकलं होतं. आवारातल्या बाकावर बसून तिने वहीतली बेरीज पुन्हा एकदा केली. मग उठून एका खोलीच्या घराचा विसार भरला. साडेपाच लाख अधिक ते वरचे एक लाख साठ हजार. चाळीस हजार शिल्लक.

"चाळिसात छान ओटा बसवून देतो," टायवाला म्हणाला.

"नको. शिवणीत मी दोन बोटं माया ठेवते. माणूस सुटतं, कापड आटतं. हे पैसे तसेच राहू देत."

खोली सोडायला बारा दिवस उरले असताना क्रेनवाला दादाच्या घराशेजारच्या बोळातून मागे जायचा रस्ता बघायला आला. टाचणी ऐटीत म्हणाली, "माप घेतलंय मी. बोळ अकरा फूट, घर दहा."

क्रेनवाल्याने मान वर केली. दादाच्या छपराचा पत्रा बोळात चांगला दोन फूट पुढे आला होता. "मावशी, तुमचं घर काय जमिनीवरून सरपटत जाणार आहे?"

तिचे कान तापले. अंग जिथे सगळ्यात रुंद, तिथे टेप लाव, हे तिने कारखान्यात किती पोरींच्या डोक्यात बसवलं होतं! आणि स्वतः बोळाचं माप घेतलं ते घोट्याशी. छपरावरून घर उचलायचं तर मोठी क्रेन, नव्वद हजार जादा. नाहीतर विसार बुडणार, आणि ती सामानासकट रस्त्यावर.

"पत्रे काढा की," वहिनी म्हणाली.

"माझ्या डोक्यावरचं छप्पर?" दादा उसळला.

"दोन दिवस आभाळ बघा. काही बिघडत नाही."

दादा कुरकुरत शिडी धरायला गेला. गंजलेले पत्रे काढता काढताच फुटले. नवे पत्रे आणि मजुरी मिळून अठ्ठेचाळीस हजार. आठ हजार कमी पडत होते. दादाने खिशात हात घातला.

"राहू दे," टाचणी म्हणाली. तिने वही उघडली आणि नऊ हजारांच्या पायऱ्यांवर काट मारली.

दहाव्या दिवशी घर आलं. दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा-अर्धा फूट जागा. अख्ख्या आळीने श्वास रोखला होता; टाचणी मात्र ट्रकपुढे उलटी चालत ड्रायव्हरला शिव्या आणि दिशा एकदमच देत होती. दुपारी घर ठोकळ्यांवर बसलं. संध्याकाळी वायरमनने जोडणी दिली आणि दिवा लागला.

दार कमरेइतकं उंच. टाचणी हातांवर भार देऊन वर चढली, आत जाऊन चारही भिंतींना हात लावून आली आणि दारात उभी राहिली.

"वहिनी, बाहेर काय उभ्या? या ना घरात."

"कशी येऊ? उडत?"

"द्या हात. पायऱ्या पुढच्या पगारात." तिने वाकून वहिनीचं मनगट घट्ट धरलं. "दादा, बघतोस काय? मागून रेट!"