काकाजींच्या गाडीतली कुईं

डावा हात गिअरवरून उचलायचा, पंजा आमच्याकडे करायचा आणि म्हणायचं, “चूप. आयकू द्या.” काकाजींची ही सवय तुम्ही पाहिली असती, तर पहिल्या दिवशी तुम्हालाही राग आला असता. मला तर असा आला होता की वाटलं, बडनेऱ्यालाच उतरावं आणि सरळ रेल्वेनं जावं.

आम्ही तिघं अमरावतीहून रोज अकोल्याला नोकरीला जायचो, एकाच ऑफिसात. गाडी काकाजींची. ऑफिसात सगळे त्यांना काकाजीच म्हणत, त्यांचे साहेबसुद्धा. पुढे त्यांच्या शेजारी इंगळे, कारण मागे त्यांचे गुडघे मावत नसत. मागे मी आणि तिघांचे डबे. आता तुम्हीच सांगा, तीन वऱ्हाडी माणसं एका गाडीत, आणि चूप बसायचं? आमच्याकडे बोलायला सारं गाव पुढे असतं, ऐकायला कोणाला फुरसत नाही.

बरं, हा पंजा फक्त रेडिओवरच्या गाण्यासाठी असता तर मी समजून घेतलं असतं. इंगळे काही सांगायला लागले की एका वाक्याला मूर्तिजापूर गाठत. मी कंटाळून त्यांचं वाक्य पुरं करायला गेले की लगेच हात वर! “मॅडम, त्याचं त्याले बोलू द्या.” आणि इंगळे विजयी चेहऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. जळफळाट व्हायचा माझा.

गाडीवर त्यांचा जीव किती, ते विचारू नका. कंपनीतून आलेलं प्लास्टिक त्यांनी सीटवरून काढलंच नव्हतं. उन्हाळ्यात इंगळे उठायला लागले की चर्रकन आवाज यायचा. पायाखाली पेपर अंथरलेला, काळ्या मातीचं एक ढेकूळ आत आलेलं चालत नसे. दरवाजा जरा जोरात लागला तर म्हणायचे, “दरवाजा हाय मॅडम, वावराचं फाटक नाई.”

अशा या माणसानं एक दिवस गाडीत मोठी म्युझिक सिस्टिम बसवून घेतली. अकोल्यात जठारपेठेतल्या एका वायरिंगवाल्यानं दुपारभर खपून काम केलं. बॅटरीपासून मागच्या ॲम्प्लिफायरपर्यंत जाड वायर डाव्या बाजूनं नेली, आवाजाची बारीक वायर उजव्या बाजूनं. दोघींची गाठ पडू द्यायची नाही, म्हणे. शेवटी अर्थिंग करायला त्यानं मागची सीट उचलली आणि पत्र्यावरचा रंग खरवडायला पॉलिश पेपर काढला. काकाजी आडवेच आले. “रंगाले हात नाई लावाचा!”

“काकाजी, करंट गेला तसा वापस बी आला पायजे. उघड्या पत्र्याशिवाय येत नाई तो बराबर.”

“तू बोल्टाले बांध. रंगावरूनच येईन तो.”

त्यानं कपाळावर हात मारला आणि बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या थाटात निघालो. पहिलं भीमगीत लागलं, काकाजींनी पंजा उचलला, आम्ही चूप. आणि गाण्याच्या मागून बारीक आवाज आला, कुईंऽऽ. ॲक्सिलेटर दाबला की कुईं वर चढायची, सोडला की खाली उतरायची. गाणाऱ्या बाईच्या पाठीमागे बसून कोणी खोडसाळ पोरगं सूर लावतंय, असं वाटत होतं.

मग तपास सुरू झाला. आधी आळ आला इंगळेंच्या मोबाइल चार्जरवर. तो काढला. मग माझ्या स्टीलच्या डब्यावर! मी म्हटलं, “काकाजी, डब्यात मेथीची भाजी हाय, ट्रान्समीटर नाई.” तरी एक आठवडा मी प्लास्टिकचा डबा नेला. काही फरक नाही. मग त्यांनी स्वतःच उपाय शोधला. गाडी हळू चालवायची, म्हणजे कुईं खालच्या सुरात राहते. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून बेजार, एकदा तर ऊस भरलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला आणि त्यावरच्या माणसानं मला टाटा केला. ऑफिसात रोज उशीर. साहेबांनी विचारलं, तर काकाजी शांतपणे म्हणाले, “गानं चालू होतं, साहेब.”

मी शेवटी स्पष्टच बोलले, “खरवडा ना तो रंग! त्याच्यापायीच हाय ही कुईं. रुपयाएवढी तर जागा पायजे.”

“तुमच्या पोराले खरवडू देसान काय कोनाले?”



मग एका सकाळी मूर्तिजापूरच्या टपरीवर चहा घेताना काकाजी पेला हातात धरून नुसतेच उभे राहिले. चहावर साय धरली तरी घोट घेईनात. म्हटलं, बरं नाही की काय? तर म्हणाले, “पोरगी उद्या रेडिओवर बोलनार हाय. अकोल्याले. सकाळची निवेदिका.”

आम्ही दोघं ओरडलोच. इंगळेंनी त्यांची पाठ थोपटली तसा चहा सांडला. पण काकाजींच्या चेहऱ्यावर हसू काही येईना.

“लहानी होती तवा लय अटकत जाय. ‘म’ आला का अटकलीच. घरातले सारे तिचं वाक्य पुरं करत. आजी, काका, शेजारचे बी. मंग पोरीनं बोलनंच सोडलं. तवापासून मी हात वर करत जातो. चूप. बोलू द्या तिले.”

मी इंगळेंकडे पाहिलं, इंगळेंनी माझ्याकडे.

“घरी ऐका ना मग,” मी म्हटलं. “सुट्टी टाका.”

“तिनंच सांगतलं. बाबा, केंद्रासमोर येऊन उभे राहू नका, घरी रेडिओसमोर बसू नका, रोजच्यासारखे गाडीत असा. म्हंजे मले सुचन.”

“तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. कुईंच नाही.”

“उभ्या गाडीत माह्यानं होनार नाई, मॅडम. हातात स्टिअरिंग पायजे.” मग जरा थांबून म्हणाले, “पोरगी अटकली का गाडीनंच शब्द खाल्ला, हे मले समजलं पायजे. त्या कुईंमदी समजनार नाई.”

ऑफिस सुटल्याबरोबर आम्ही तिघं जठारपेठेत. वायरिंगवाल्यानं काही न बोलता पॉलिश पेपर काढला. काकाजींनी तो त्याच्या हातातून घेतला. “दे इकडे. तुले दया येनार नाई.” इंगळेंनी सीट उचलून धरली. काकाजींनी पेपर टेकवला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि घासायला लागले. मी सांगत होते, “थोडं डावीकडे, हां, तिथंच.” पांढरा रंग गेला, खालचा तांबडा गेला आणि पत्रा चकाकला. वायरिंगवाल्यानं बोल्ट करकचून आवळला, गाडी सुरू केली, ॲक्सिलेटर दाबला.

काकाजींनी पंजा वर केला. “चूप.”

आम्ही आधीच चूप होतो. आणि गाडीही चूप होती!

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर मागे टाकलं आणि तिचा आवाज लागला. गोड, ठाशीव आवाज. नमस्कार झाला, तारीख-वार झाला. काकाजी स्टिअरिंगला असे चिकटून बसले होते की नाक काचेला लागेल. मग हवामान आलं. “अकोला, अकोट, बाळापूर आणि मू…”

गप्प.

अहो, काय सांगू! ते गाव आम्ही आत्ताच मागे टाकून आलो होतो. शब्द माझ्या जिभेवर होता, इंगळेंचं तोंड उघडलेलं होतं. काकाजींचा पंजा वर. रेडिओत खरखर नाही, कुईं नाही, नुसता तिचा श्वास. पोरीनं श्वास घेतला तो आम्ही तिघांनी ऐकला.

“…मूर्तिजापूर तालुक्यात आज हवामान कोरडं राहील.”

काकाजी, ज्यांनी आजवर कुत्रं आडवं आलं तरी हॉर्न वाजवला नव्हता, त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो बोरगाव मंजूपर्यंत काढला नाही. मी आणि इंगळे लहान पोरांसारखे टाळ्या वाजवत होतो. रस्त्यावरचे लोक वऱ्हाडाची गाडी समजून आत नवरदेव शोधत होते. काकाजींच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि गाडी पहिल्यांदाच ऐंशीच्या वर गेली होती.

आता काकाजी रिटायर होऊन अकोटजवळ आपल्या गावी असतात. गाडी मला देऊन गेले. अधूनमधून फोन येतो. “जय भीम मॅडम. दरवाजा हळू लावतात ना?” मी सीट उचलून त्या उघड्या जागेला ग्रीस लावते, गंज धरू देत नाही. गॅरेजवाल्यानं एकदा तिथं रंग मारून देतो म्हटलं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले.

इंगळेंची बदली झाली. सोबतीला नव्या मुली आहेत, अखंड बोलतात. परवा रेडिओवर काकाजींची पोरगी होती. महिला मंडळाचं काहीतरी सांगायला निघाली आणि शब्दाच्या दारात थांबली.

“मॅडम, बंद पडला काय हो रेडिओ?” मागून एकीनं विचारलं.

मी डावा हात गिअरवरून उचलला.