यशोधरेचं बोलणं

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

डॉक्टरबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या हातात तिळगुळाचा डबा होता आणि माझी तीन वर्षांची यशोधरा त्यांच्यापुढे हात पसरून उभी होती. बायका हसल्या. मोठ्यानं नाही. चांगल्या घरच्या बायका हसतात तशा, ओठांतल्या ओठांत.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. चंदीगडमधला त्यांचा सरकारी बंगला, बाहेर धुकं, आत हीटर. माझा नवरा ज्या केंद्र सरकारच्या ऑफिसात कारकून आहे, तिथले सगळ्यांत मोठे साहेब म्हणजे या बाईंचे यजमान. बाई स्वतः लहान मुलांच्या डॉक्टर. आमच्यात हळदीकुंकू नसतं. पण साहेबांच्या घरचं बोलावणं, आणि घरात न बोलणारं लेकरू. मी गेले ते एक प्रश्न विचारायला.

आधी सगळ्या मुलांना रांगेत उभं केलं. प्रत्येकानं म्हणायचं, तिळगूळ घ्या, गोड बोला. कुणी हिंदी वळणानं म्हटलं, कुणी लाजलं. यशोधरा म्हणाली, "ई ऊ आ, ओ ओआ." कुणीतरी म्हणालं, परत म्हण गं. तिनं परत म्हटलं. आणखी जोरात. तिला वाटलं हा खेळ आहे. सगळे हसताहेत म्हणून तीही हसत होती. तिचं ते हसणं मला अजून सोसत नाही.

मी पुढं झाले. विचारलं, "डॉक्टरबाई, हिला स्पीच थेरपी लागेल का हो?"

त्यांनी यशोधरेचं नाव विचारलं. गाव विचारलं. मी वाशीमकडचं गाव सांगितलं. मग आडनाव. तेही सांगितलं. "असं होय," त्या म्हणाल्या. आपल्या माणसांना हे 'असं होय' समजावून सांगावं लागत नाही. जन्मापासून ऐकतो आपण.

मग त्यांनी निकाल दिला. थेरपीबिरपी काही नको. मुलं घरात ऐकतात तेच उचलतात. तू स्वतः केवढ्यानं बोलतेस, कसं बोलतेस, ते आधी ऐक. घरात शुद्ध बोला, हळू बोला, पोरगी सुधारेल. आणि वर ती आडाची म्हण. तिळगुळाचा लाडू त्यांनी माझ्या लेकीच्या हातावर वरून सोडला. बाकीच्या मुलांच्या गालाला हात लावला होता.

मी मराठीत एम.ए. आहे. हे त्या दिवाणखान्यात सांगावं असं वाटलं, पण मी लेकीच्या पायात चपला घालायला लागले.

मणिमाजऱ्याला, आमच्या भाड्याच्या खोलीवर परत येताना ऑटोत नवरा म्हणाला की त्या एवढ्या शिकलेल्या आहेत, सांगितलं ना त्यांनी, विषय संपला. माझंही मन तेच म्हणत होतं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच शिकवलंय. ते बोलतात म्हणजे खरं असणार. खोट आपल्यातच असणार.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी जीभ बांधली.

माझी आई रोजानं खुरपायला जायची. बांधावरून तिनं हाक मारली की गावच्या वेशीवर ऐकू यायची. तोच गळा माझा. लेकराशी मी तशीच बोलायचे. तोंडाशी तोंड नेऊन, मोठ्यानं, "काय पाह्यजे वं माय तुले? पाणी पाह्यजे?" ते सगळं बंद केलं. मले, तुले, काहून, सगळं घरातून झाडून काढलं. "बाळ, इकडे ये. पाणी हवं का?" असं हळू आवाजात, बातम्या वाचल्यासारखं बोलू लागले. माझंच घर मला परकं वाटायला लागलं.

यशोधरा आधी माझ्या तोंडाकडं टक लावून बघायची. मग तिनं बघणंही सोडलं. मला "आऊ" म्हणायची, पाण्याला "पाई" म्हणायची, तेवढं तरी होतं. तेही कमी कमी होत गेलं. काही हवं असलं की माझी ओढणी ओढायची. मला समजलं नाही की चावायची. भांडी फेकायची. शेजारची पंजाबी आंटी म्हणाली, बच्ची शैतान हो गई है. गावाकडून आई फोनवर म्हणाली, वेखंड उगाळून मधात चाटव, जीभ हलकी होते. तेही केलं. नवसही बोलले असते, पण नवस बोलायला देव कुठाय आमच्याकडं.

मी पार खचले होते. नळ सोडून बाथरूममध्ये रडायचे. कधी वाटायचं, माझ्याच पोटातली काही घाण हिच्या जिभेला लागली असेल. असं वाटायचं मला. स्वतःच्या लेकराबद्दल. एका बाईनं हातात डबा धरून म्हटलेल्या एका वाक्यामुळं.

मग एका दुपारी मी इस्त्री करत होते. दारावर कुणी आलं म्हणून गरम इस्त्री उभी करून खाली ठेवली आणि दाराकडं गेले. वळून बघते तर यशोधरा माझ्याकडं पाठ करून इस्त्रीकडं सरकत होती. मी माझ्या नव्या आवाजात म्हणाले, "बाळ, नको." ती सरकतच राहिली. पुन्हा म्हणाले. तिची मान हलली नाही. आणि मग छातीतून बाहेर पडला तो जुना आवाज. "ए पोरी, हात नको लावू वं."

ती वळली. लगेच वळली. माझ्याकडं बघून हसली.

इस्त्री उचलली, वर ठेवली, आणि मी तिथंच खाली बसले. मग तिच्या पाठीमागं जाऊन हळू हाक मारली. काही नाही. मोठ्यानं मारली. वळली. तिचं तोंड टीव्हीकडं करून बसवलं, पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच झालं. संध्याकाळपर्यंत मी हेच करत होते. पोरगी हट्टी नव्हती. मंद नव्हती. तिला नीट ऐकूच येत नव्हतं.

नवरा म्हणाला, डॉक्टरबाईंना एकदा विचारू या. मी म्हणाले, आता नाही विचारत.

सरकारी दवाखान्यातली रांग लांब होती. कान तपासणारी मुलगी पंजाबी, माझ्याहून लहान. तिनं आधी कानात बघितलं. मग बंद खोलीत यशोधरेला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. वेगवेगळे आवाज सोडले. काही आवाजांना यशोधरा दचकायची, काहींना ती नुसती बसून राहायची आणि मला मात्र ते स्पष्ट ऐकू येत होते. त्या खोलीत मला पळून जावंसं वाटत होतं.

दोन्ही कानांच्या पडद्यामागं पाणी साठलेलं होतं. सारखी सर्दी व्हायची, त्यातून झालं असावं. विहिरीत बुडी मारल्यावर वरचं बोलणं जसं ऐकू येतं, तसं तिला सगळं जग ऐकू येत होतं. अर्धे शब्द पोहोचतच नव्हते, मग ती अर्धेच बोलायची.

त्या मुलीनं विचारलं, "आप घर में पहले ऊँचा बोलती थीं?"

मी म्हणाले, हो. आता नाही बोलत.

"क्यों छोड़ा जी? वही तो इसको सुनता था."

लेकराला जेवढं जग ऐकू येत होतं, ते माझ्या आवाजातून येत होतं. गावंढळ म्हणून हिणवलेल्या त्याच आवाजातून. तोच माझ्याकडून काढून घेतला गेला. संक्रांतीपासून माझी पोरगी आईच्या मांडीवर बसून मुक्यानं जगत होती.

औषधं सुरू झाली. पाणी उतरलं नाही तर कानात बारीक नळी घालावी लागेल, असं कानाचे डॉक्टर म्हणाले. आणि स्पीच थेरपी लागणारच. आत्तापासून. उशीर झालाय, पण अजून वेळ गेलेली नाही, असं त्या मुलीनं सांगितलं. घरात बोलता तीच भाषा बोला, हेही सांगितलं.

गुढीपाडव्याला मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. नवरा नको म्हणत असताना मी यशोधरेला घेऊन गेले. डॉक्टरबाई पहिल्या रांगेत. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, मी साधा उपाय सांगितला होता. तू थेट दवाखाने पालथे घातलेस. पोरीवर शिक्का बसेल ना उगीच. तुम्हा लोकांना धीर म्हणून नाही."

तुम्हा लोकांना.

मी उभी राहिले. आणि बोलले. माझ्या आईचा बांधावरचा आवाज होता तो. सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"बाई, तुम्ही माह्या पोरीच्या कानात नाही पाह्यलं. आडनाव पाह्यलं."

कुणी हसलं नाही. एका बाईनं पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला सुरुवात केली. डॉक्टरबाई इंग्रजीत काहीतरी बोलल्या. मी ऐकायला थांबले नाही. लेकीचा हात धरून बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडले. सुटल्यासारखं वाटेल असं लोक सांगतात. मला तसं काही वाटलं नाही. भीतीच वाटत होती.

भीती खोटी नव्हती. मागच्या आठवड्यात साहेबांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. बदल्यांची यादी बनतेय म्हणाले. लांबच्या जागा रिकाम्या आहेत म्हणाले. मग जाता जाता म्हणाले की तुमच्या मिसेसनी आमच्या मॅडमना एक फोन केला तर बरं होईल, मॅडमना फार लागलंय.

नवरा घरी आला, तोंडावर रक्त नव्हतं. वाईट माणूस नाही तो. त्याच्या बापानं आयुष्यभर मान खाली घातली, तेव्हा कुठं पोराची एवढी नोकरी पाहिली. त्यानं नंबर काढून फोन माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, "फक्त सॉरी म्हण. पोरीसाठी म्हण. लांब कुठं टाकलं तर थेरपी कुठं मिळणार तिला?"

खरं होतं त्याचं. यशोधरा आमच्या मध्ये बसून आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत होती. ओठ वाचत होती. तिला किती समजलं, मला माहीत नाही. पण आई आत्ता काय बोलते ते ती बघत होती.

मी फोन उलटा करून ठेवला.

ती कधी स्वच्छ बोलेल, मला माहीत नाही. बोलेल की नाही, तेही कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. कानातलं पाणी अजून उतरलेलं नाही. मला कालही "आऊ"च म्हणत होती. पण माझं ठरलंय. ऑर्डर आली तर नवरा जाईल. मी आणि यशोधरा इथंच राहू, याच खोलीत, मिळेल ते काम करून. माफी मी मागणार नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी थेरपी असते. आम्ही जाणार.