ऑपरेशन थांबलं तो दिवस

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. भोपाळहून बदलून आलेल्या एका साहेबांसाठी माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात कोंबडीचं जेवण झालं. त्यानंतर एक दिवस गेला आणि सकाळी नवरा मोरीच्या दाराशी वाकून उभा दिसला. अंग तापलेलं, हात पोटाच्या उजव्या बाजूला.

"मले सरळ नाही होता येऊन राहिलं," तो म्हणाला.

त्याचे मोठे भाऊ, माझे भासरे, जवळच बुढापारा मोहल्ल्यात राहत. ते धावत आले. दवाखान्यात सर्जननं पोट दाबताच नवरा किंचाळला.

"अपेंडिक्स वाटतंय. दुपारी ऑपरेशन करू."

भासऱ्यांनी लगेच सही केली. त्यांचा एक मित्र अपेंडिक्स फुटून गेला होता.

मी ऑफिसातल्या जेवणाचं सांगितलं तेव्हा तिथल्या एक डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "साथ में और किसने खाया था? किसी और को तकलीफ है?"

मी समोरच्या एसटीडी बूथवरून त्याच्या ऑफिसातल्या सोबत्याच्या घरी फोन लावला. सोबत्याची बायको रडवेली झाली होती. सोबत्याला ताप आणि जुलाब, साहेबही आजारी!

मी सर्जनला हे सांगून विचारलं, "सोनोग्राफी होईपर्यंत थांबता येईल?"

"काहून उशीर करून राहिली बाई?" भासरे ओरडले. "फुटलं तर?"

सर्जन म्हणाले, "थांबू. पण मी पोट पुन्हापुन्हा तपासणार. दुखणं वाढलं तर कोणाचं ऐकणार नाही."

सोनोग्राफीत अपेंडिक्स चांगलं निघालं. त्याच्या शेजारचं आतडं मात्र सुजलं होतं. तेवढ्यात नवऱ्याला जुलाब सुरू झाले, त्यात रक्त पडलं. भासरे मटकन बाकावर बसले.

"अँटिबायोटिकच्या आधी जुलाबाचा नमुना घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. ती डबी मीच लॅबमध्ये नेली. जंतू वाढवून ओळखायचे, म्हणून रिपोर्टला वेळ लागणार होता. तोवर सलाईन, औषध आणि दर खेपेला त्याच्या चेहऱ्याकडे पाहणं.

रिपोर्टमध्ये साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून आला असावा, डॉक्टरबाई म्हणाल्या. कोणतं औषध लागू पडेल तेही त्यातच कळलं, आणि त्यांनी आधीचं बदललं.

ताप उतरला त्या दिवशी भासऱ्यांनी पातळ खिचडी आणली आणि भावाला स्वतः भरवली.

"मी तर सही करून बसलो होतो, बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"तुमचंही खरं ठरू शकलं असतं," मी म्हटलं. आणि ते मला मनापासून वाटत होतं.