सौनातली उत्तरं

आमच्या वृद्धाश्रमात नर्सिंगची संशोधक मार्युक्का तीन महिने प्रश्नावली घेऊन फिरत होती. काळजी नीट घेतात का, असं विचारलं की आम्ही सगळ्या म्हातार्‍या म्हणायचो, "ठीक आहे." परक्यापुढे तक्रार करणं आम्हा फिनिश बायकांना नागडं होण्यापेक्षा लाजिरवाणं! तिचा प्रबंध बुडायला आला. शेवटी नव्वदीच्या लेम्पीला तिची दया आली.

"पोरी, शनिवारी आमच्याबरोबर सौनात ये. कागद बाहेर ठेव, कपडेसुद्धा."

वाफेत बसल्यावर मात्र तोंडं सुटली. घाईत उरकलेली अंघोळ, संध्याकाळी पाचलाच अंथरुणात कोंबणं, सगळं निघालं. मी एकटीच अर्धा तास बोलले.

बाहेर आल्यावर मार्युक्कानं घाबरत विचारलं, "हे लिहू?"

लेम्पी टॉवेल गुंडाळत म्हणाली, "लिही की! पण इथे बाहेर पुन्हा विचारू नकोस. इथे सगळं ठीक आहे."